जीआयएस नकाशा आणि नळाचा दाब

गैरसमज : जीआयएस नकाशा तयार झाला, म्हणजे पाणीपुरवठ्याचं हायड्रॉलिक मॉडेल जवळजवळ झालंच.

वस्तुस्थिती : पाइप कुठून गेलाय ते नकाशा सांगतो, सकाळी सहाला शेवटच्या नळाला दाब किती मिळेल, ते मॉडेल सांगतं. मधे बरंच काम असतं. चौकात दोन जलवाहिन्या फुलीसारख्या दिसतात, पण तिथे जोड आहे की एक नुसतीच वरून गेलीय, हे रेघांवरून कळत नाही. कुठे दोन टोकं पडद्यावर जुळलेली वाटतात, पण काढताना मधे वीतभर फट राहिलेली असते आणि मॉडेलच्या लेखी पुढची अख्खी गल्ली कोरडी. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा की चारच आटे फिरवलेला, हे तर फक्त व्हॉल्व्हमनला ठाऊक. त्याला सोबत घेऊन वॉर्ड पालथा घातल्याशिवाय आकडेमोडीला हात घालू नये.

गैरसमज : नोंदवहीतला व्यास आणि लांबी भरली की पुरे.

वस्तुस्थिती : घर्षणात जाणारा दाब काढायच्या हेझन-विल्यम्स सूत्रात नव्या बिडाच्या पाइपचा गुळगुळीतपणाचा गुणांक 130 च्या आसपास धरतात. आतून गंज चढून तो 80 वर आला, तर तेवढंच पाणी नेताना घर्षणात जाणारा दाब जवळपास अडीचपट होतो. व्यासाची चूक आणखी महागात पडते. 100 मिलिमीटरचा पाइप 150 चा नोंदला, तर दाबातली घट कागदावर सातपट कमी दिसते! जमिनीची उंचीही अचूक हवी. दुमजली वस्तीत किमान 12 मीटर दाब हवा, असं केंद्राच्या 1999 च्या नियमपुस्तिकेत म्हटलं होतं. तिथे उंचीत पाच मीटरची चूक म्हणजे निकालच फिरला.

गैरसमज : हे महागड्या सॉफ्टवेअरचं काम.

वस्तुस्थिती : असं मॉडेल चालवणारं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं ईपानेट 1993 पासून मोफत आहे, नकाशासाठीचं क्यूजीआयएसही मोफत. पैसे लागतात ते मोजमापाला.

गैरसमज : मॉडेलनं सांगितलं, म्हणजे तसंच असणार.

वस्तुस्थिती : ईपानेट मुळात असं धरून चालतं, की दाब कितीही असो, मागणीइतकं पाणी मिळतंच. दोन तास पाणी आणि घरोघरी लाइनवर मोटारी, अशा आपल्या गावांत हे गृहीतक टिकत नाही. 2020 च्या 2.2 आवृत्तीत दाबानुसार पाणी धरण्याची सोय आली, तरी रस्त्यावर प्रेशर गेज लावून पडताळणी करावीच लागते.

तेव्हा मॉडेलच्या आधारे नव्या टाकीचा प्रस्ताव सभेत आला, की नगरसेवकांनी आधी एवढंच विचारावं : हे मॉडेल गेजशी शेवटचं कधी ताडून पाहिलं?