लष्करी ट्रेलर आणि खासगी मोटार : जोडणीतील दक्षता

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि सैन्याला नको झालेले साहित्य विक्रीस निघाले. अमेरिकन जीपमागे धावणारा दोन चाकांचा पाव टनी ट्रेलर त्यातलाच. त्याचा पोलादी सांगाडा आजही संग्राहकांना मोहात पाडतो. परंतु स्वस्त माल घेतानाच त्याची पारख अधिक कसून करावी लागते, हे व्यापारी बंधूंना सांगणे नलगे.

प्रथम वजनाचा हिशेब. रिकामा ट्रेलर सुमारे २५० किलो भरतो. खडबडीत वाटेवर त्यात सुमारे २२५ किलो माल घालण्याची मर्यादा आहे. म्हणजे एकूण ४७५ किलो. हा भार मोटारीच्या निर्मात्याने ठरविलेल्या ओढण्याच्या मर्यादेत बसला पाहिजे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दशांश, म्हणजे ४८ किलोच्या आसपास, पुढच्या दांड्यावर यावा. येथे न्याय तराजूचाच आहे. माल आसाच्या मागे साचला की दांडा वर उचलला जातो आणि वेगात ट्रेलर डोलू लागतो. डोलू लागल्यास जोराने ब्रेक दाबू नये वा चाक झटक्याने वळवू नये. वेग हळूहळू उतरू द्यावा.

दुसरी बाब जोडाची. लष्करी ट्रेलरला जाड पोलादी कडी असते. ती पिंटल हूकमध्येच अडकवावी, खासगी मोटारीच्या गोळ्यावर नव्हे. हूकची उंची अशी साधावी की ट्रेलर समपातळीत राहील. हूकला खीळ घालावी. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून बांधाव्यात. जोड सुटला तरी दांडा रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत राहतो.

या ट्रेलरला केवळ उभे असतानाचा हातब्रेक असतो. चालताना सारा भार मोटारीच्या ब्रेकवर येतो. म्हणून पुढील वाहनापासून अंतर अधिक ठेवावे. युद्धकालीन दिवे ६ व्होल्टचे, नंतरच्या अमेरिकन लष्करी वाहनांचे २४ व्होल्टचे, तर आजच्या मोटारीचे १२ व्होल्टचे. तेव्हा दिवे बदलूनच जोडावेत. काही जुन्या चाकांची रिम दोन अर्धांची, बोल्टांनी जखडलेली असते. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सैल करणे प्राणघातक ठरू शकते. टायर न झिजताही जुने होतात. भेगा दिसताच ते बदलावेत.

आपल्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये ट्रेलरचीही नोंदणी आवश्यक आहे. खरेदीपूर्वीच कागदपत्रे पाहावीत. खरेदीत वाचविलेले चार पैसे खीळ, साखळी व टायर यांवर खर्चण्यातच खरी काटकसर आहे. कारण ट्रेलर सुटला तर त्याची किंमत रस्त्यावरील परक्या माणसाला मोजावी लागते.