चिनीमातीतून जाणारी वीज

मुक्ताईनगराहून भुसावळकडे निघालात, की वरणगाव मागे पडल्यावर दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसू लागतात. तेथून निघालेल्या तारा केळीच्या बागांवरून दूरदूर गेल्या आहेत. आपल्या गावातल्या विजेच्या खांबाकडे पाहा. तार आणि लोखंड यांच्या मध्ये चिनीमातीची वाटी बसवलेली असते. ती कशासाठी, हे शाळेतला मुलगाही सांगेल: चिनीमातीतून वीज जात नाही म्हणून. घरातल्या फ्यूजचा किटकॅटही त्याच कारणाने चिनीमातीचा असतो.

आता मी जर म्हटले, की भट्टीत भाजलेल्या अशाच एका टणक, ठिसूळ पदार्थातून वीज वाहते, तर आपल्याला ते पटायचे नाही. पण ही गोष्ट खरी आहे. इतकेच, की त्या पदार्थात कोणती मूलद्रव्ये किती प्रमाणात घातली आहेत, यावर सगळे अवलंबून असते.

तांब्याच्या तारेतून इलेक्ट्रॉन धावतात, म्हणून तार वीजवाहक. भाजलेल्या मातीत इलेक्ट्रॉन मोकळे नसतात. परंतु वीज म्हणजे विद्युत्भाराचे वाहणे. तो भार इलेक्ट्रॉननेच वाहिला पाहिजे असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने झिर्कोनियमच्या ऑक्साइडात थोडे यट्रियमचे ऑक्साइड मिसळून कांडी केली. ती तापवल्यावर तिच्यातून वीज जाऊ लागली आणि कांडी लख्ख उजळली. तेथे भार वाहत होते ते प्राणवायूचे, म्हणजे ऑक्सिजनचे आयन. पुढे १९८१ साली जपानात इवाहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की स्ट्रॉन्शियम आणि सेरियम यांच्या ऑक्साइडात योग्य भेसळ केली आणि त्याला वाफ दिली, तर त्यातून प्रोटॉन वाहतात. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा; त्याच्यावर धन भार असतो.

ही भेसळ काय करते, ते हिशेबाने पाहू. शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा. बेरियम झिर्कोनेट नावाचा पदार्थ घ्या. त्यात बेरियमचे १०० अणू असतील, तर झिर्कोनियमचे १०० आणि ऑक्सिजनचे ३०० असतात. बेरियमचा भार अधिक २, झिर्कोनियमचा अधिक ४, ऑक्सिजनचा उणे २. एकूण धन भार ६००, ऋण भारही ६००. खाते बरोबर जुळले. आता झिर्कोनियमचे २० अणू काढून त्या जागी यट्रियमचे २० अणू बसवा. यट्रियमचा भार अधिक ३ च आहे. धन बाजू २० ने घटून ५८० झाली. खाते जुळायचे, तर ऑक्सिजनचे १० अणू बाहेर पडले पाहिजेत. म्हणजे ३०० जागांपैकी १० जागा रिकाम्या राहिल्या.

या रिकाम्या जागा म्हणजेच सगळी किल्ली. तापलेल्या पदार्थावर वाफ सोडली, की पाण्याच्या एका रेणूतला ऑक्सिजन एका रिकाम्या जागेत बसतो आणि त्याचे दोन प्रोटॉन आसपासच्या ऑक्सिजनांना चिकटतात. दहा जागा सगळ्या भरल्या, तर वीस प्रोटॉन मिळाले.

मग ते चालतात कसे? घराचा स्लॅब टाकताना माणसे ओळीने उभी असतात. माणूस जागा सोडत नाही. मागच्याकडून घमेले घेतो, वळतो, पुढच्याच्या हाती देतो. प्रोटॉनही तसाच एका ऑक्सिजनभोवती वळतो आणि शेजारच्या ऑक्सिजनकडे उडी घेतो. या उडीला उष्णता लागते. म्हणून हे पदार्थ साधारणपणे ४०० ते ७०० अंश सेल्सियसला कामाचे ठरतात. फार तापवले, तर आतली वाफच निघून जाते आणि वाहकता पुन्हा खाली येते.

आपण विचाराल, मग यट्रियम दामदुप्पट का घालू नये? कारण यट्रियमच्या जागी धन भार एकाने कमी असल्यामुळे ती जागा शेजाऱ्यांच्या तुलनेत ऋण ठरते आणि धन भाराचा प्रोटॉन तिच्याजवळ घुटमळतो. प्रोटॉन वाढतात, पण अडकतातही. म्हणून बहुधा शंभरात दहा ते वीस एवढ्यावर थांबतात. कोणते मूलद्रव्य घालावे, यातही गंमत आहे. स्कँडियमचा आकार झिर्कोनियमच्या जवळचा, तेव्हा तो बरा असे वाटेल. प्रत्यक्षात त्याच्यापाशी प्रोटॉन जास्त अडकतात, आणि आकाराने मोठा यट्रियम सरस ठरतो.

आता खरी अडचण सांगतो. झिर्कोनियमऐवजी सेरियम घातले, तर पदार्थ अधिक अल्कधर्मी होतो, पाणी आनंदाने घेतो आणि वीजही चांगली वाहून नेतो. पण भिंतीला दिलेला चुना आठवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू कडक होतो. बेरियम सेरेटचेही तसेच होते: कार्बन डायऑक्साइड मिळाला, की त्याचे बेरियम कार्बोनेट आणि सेरियम ऑक्साइड बनते, आणि तुकडा निकामी होतो. ज्या गुणामुळे तो वाफेला जवळ करतो, त्याच गुणामुळे या वायूलाही करतो.

झिर्कोनेट याबाबतीत टिकाऊ. पण त्याचे कण एकमेकांना घट्ट चिकटवायला १६०० अंशांच्या वर भट्टी लागते. इतक्या उष्णतेत थोडे बेरियम उडून जाते आणि मूळ प्रमाणच बिघडते. शिवाय कणाच्या आत प्रोटॉन भरभर चालला, तरी दोन कणांच्या शिवेवर अडतो, जसे शेतातले पाणी बांधापाशी अडते. यावर उपाय म्हणून थोडे निकेल किंवा जस्ताचे ऑक्साइड मिसळतात. त्यामुळे भट्टी कमी तापवून भागते. आणि सेरियम व झिर्कोनियम दोन्ही एकत्र घालतात. दहा भागांत सात सेरियम, एक झिर्कोनियम, दोन यट्रियम असे एक मिश्रण आहे. सात झिर्कोनियम, दोन सेरियम, एक यट्रियम असेही आहे. पहिल्यात वाहकता जास्त, दुसऱ्यात आयुष्य जास्त. कोणते निवडायचे, हे काम पाहून ठरवावे लागते.

खानदेशातल्या शेतकऱ्याला याचे काय? केळीला युरिया लागतो, युरियाला अमोनिया, आणि अमोनियाला हायड्रोजन. आपल्या देशात हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि त्या वायूचा मोठा वाटा परदेशातून येतो. प्रोटॉन वाहणाऱ्या या चकतीच्या एका अंगाला वाफ आणि दोन्ही अंगांना वीज जोडली, तर दुसऱ्या अंगाला कोरडा हायड्रोजन मिळतो. ती वीज सूर्याची असेल, तर कोळसाही नको आणि बाहेरचा वायूही नको. लागणारे झिर्कोनियम व सेरियम केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या समुद्रकाठच्या वाळूत आहे.

मात्र उद्या सकाळी खत स्वस्त होईल, असे मी म्हणत नाही. अशा चकत्या अजून प्रयोगशाळांत आणि लहान प्रायोगिक संचांतच आहेत. वर्षानुवर्षे तडा न जाता त्या टिकल्या पाहिजेत. शिक्षकांना एवढेच सुचवतो: चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून ती दुधाळ होताना मुलांना दाखवावी. फुंकर मात्र बाहेरच सोडायची, निवळी तोंडात ओढायची नाही, हे आधी बजावावे. बेरियम सेरेट का टिकत नाही, हे त्या पेल्यात मुलांना दिसेल.