उमरीच्या बँकेची गोष्ट आणि तिच्यात नसलेल्या बायका



१७ सप्टेंबर आला की शाळेत मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं होतात. आपल्या उमरीची मुलं एक प्रसंग हमखास सांगतात: ३० जानेवारी १९४८ ला उमरखेड कॅम्पच्या स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली आणि तो पैसा लढ्याला दिला. असंच एक भाषण संपल्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तेव्हा बायका काय करत होत्या?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

बायका होत्या की! बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हत्यार घेऊन रझाकारांशी लढल्या. अशी मोजकी नावं तरी सापडतात. पण कॅम्पवरच्या आणि भूमिगत सैनिकांसाठी भाकरी थापणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, धाड येणार म्हणून रातोरात लेकरं घेऊन गाव सोडणाऱ्या बायका? तुरुंगात गेलेल्याची नोंद होते. भाकरी नेऊन देणारीची होत नाही.

जिथं नोंद नाही तिथं कथा उपयोगी पडते. म्हणून यंदा निबंधाऐवजी मुलांकडून ऐतिहासिक कथा लिहून घ्या. त्यासाठी चार गोष्टी सांभाळा.

१. काळ खरा, पात्र कल्पित.
दगडाबाईंच्या तोंडी मनचे संवाद घालू देऊ नका. आज मुलानं रचलेला प्रसंग उद्या कुणीतरी इतिहास म्हणून भाषणात सांगतं. गोष्टीची नायिका कल्पित असावी आणि तसं वहीत वर स्पष्ट लिहावं. तारखा, गावं, घटना मात्र खऱ्याच हव्यात.

२. आधी माहिती, मग गोष्ट.
माझ्या वर्गातल्या एका मुलानं १९४८ सालच्या आईला गॅस पेटवायला लावला! वर्ग हसला, पण त्यातूनच शिकणं सुरू झालं. चूल, जातं, रॉकेलची चिमणी. निजामाच्या राज्यातला हाली शिक्का. उर्दूतला सरकारी कारभार. पैनगंगा ओलांडली की उमरखेडचा, म्हणजे स्वतंत्र भारतातला मुलूख. आणि बँक लुटली त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. एवढं कळलं की मुलांना प्रसंग आपोआप सुचतात.

३. घरातल्या आजीला विचारा.
तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या घरात आहे. म्हणजे विचारायला फार दिवस उरलेले नाहीत. "तुम्ही लढलात का?" असं विचारलं तर ती "नाही बाबा" म्हणेल. त्यापेक्षा विचारा, "रात्री दिवा लावायचात का? दाणे कुठं लपवायचात? गाव सोडताना सोबत काय घेतलं?" आजी गप्प झाली तर तिथंच थांबा. काही गोष्टी त्या बायकांनी जन्मभर कुणाला सांगितल्या नाहीत. त्या उकरून काढणं हा गृहपाठ नव्हे.

४. शत्रू नेमका ठेवा.
हे आपण मोठ्यांनी नीट समजावायला हवं. रझाकार म्हणजे शेजारचं मुसलमान कुटुंब नव्हे. रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या कितीतरी निरपराध मुसलमान घरांनीही सोसलं. त्या घरातही आई होतीच. आपल्या कथेत तिलाही जागा असू द्या.

आता सुरुवात कशी करायची? फळ्यावर एवढंच लिहा:

"आईनं आज रोजच्यापेक्षा दुप्पट पीठ मळलं. घरात माणसं तर चारच होती. मी विचारलं, तर तिनं तोंडावर बोट ठेवलं."

पुढचं मुलांना लिहू द्या. कथा दीड पानाची पुरे. शेवटी दोन ओळी वेगळ्या लिहून घ्या: यातलं खरं काय, आणि मी रचलेलं काय. माझ्या मते या उपक्रमातलं खरं शिक्षण या दोन ओळींतच आहे.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनं खालच्या ओळीत लिहिलं होतं, "बँक खरी आहे. भाकरी माझ्या पणजीची आहे. नाव मी ठेवलं, कारण पणजीचं नाव घरात कुणालाच आठवत नाही."

यंदा भाषणाआधी आपापल्या घरात तेवढं नाव तरी विचारून ठेवा.