गन-केशी

गन-केशी ही जपानमधील बंदाई कंपनीने इ.स. १९८५ पासून नाणे-यंत्रांतून विक्रीस आणलेली लहान, एकरंगी रोबो-बाहुल्यांची मालिका होय. 'गंडम' या दूरचित्रवाणी मालिकेतील यंत्रमानवांची ठेंगणी, मोठ्या डोक्याची रूपे या बाहुल्यांत घडवलेली असतात. प्रत्येक बाहुली प्लॅस्टिकच्या बंद गोलकात म्हणजे कॅप्सूलमध्ये ठेवलेली असते आणि यंत्रातून कोणती बाहुली बाहेर येईल हे ग्राहकाला आधी ठरवता येत नाही. मुलांच्या खाऊच्या पैशांत मिळणारे हे खेळणे आज प्रौढ संग्राहकांच्या आस्थेचा विषय झाले आहे. संच पूर्ण करण्याचे गणित आणि जुन्या प्लॅस्टिकचा क्षय हे या छंदापुढील दोन मुख्य प्रश्न आहेत.

नाव

जपानी भाषेत खोडरबराला 'केशीगोमु' म्हणतात. 'केशी' म्हणजे खोडणे, पुसणे आणि 'गोमु' म्हणजे रबर. मराठीतील 'खोडरबर' या शब्दाची घडणही नेमकी अशीच आहे. 'गंडम' आणि 'केशीगोमु' या दोन शब्दांच्या आद्य भागांपासून 'गन-केशी' हे नाव रूढ झाले.

नावात खोडरबर असले तरी या बाहुल्यांनी पेन्सिलीचे लिखाण नीट पुसले जात नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी शाळकरी मुलांत मोटारींच्या आकाराची छोटी खोडरबरे अतिशय लोकप्रिय होती. बॉलपेनच्या स्प्रिंगच्या जोराने ती बाकावर पळवण्याच्या शर्यती मुले लावत. तेव्हापासून अशा आकाराच्या व पोताच्या मऊ प्लॅस्टिकच्या खेळण्यांना 'केशी' म्हणण्याचा प्रघात पडला.

पार्श्वभूमी

नाण्यावर चालणारी खेळण्यांची यंत्रे जपानमध्ये अमेरिकेतून आली. इ.स. १९६५ मध्ये तोक्यो येथील पेनी शोकाई या कंपनीने ती प्रथम आणली. त्या काळी १० येनच्या नाण्यात एक वस्तू मिळे. यंत्राची मूठ फिरवताना होणाऱ्या आवाजावरून मुले त्यांना 'गाचा-गाचा' म्हणू लागली. इ.स. १९७७ मध्ये बंदाई या व्यवसायात उतरली आणि १०० येनची, तुलनेने चांगल्या प्रतीची खेळणी विकू लागली. मूठ फिरण्याचा 'गाशा' आणि गोलक खाली पडण्याचा 'पोन' हे दोन ध्वनी जोडून बनलेले 'गाशापॉन' हे नाव बंदाईचे व्यापारचिन्ह आहे.

यंत्राची रचना साधी असते व त्यास विजेची गरज लागत नाही. ठरलेली नाणी खाचेत बसली की मुठीची अटक सुटते. मूठ फिरवल्यावर तळाशी असलेली भोकांची चकती फिरते आणि भोकात आलेला गोलक घसरगुंडीतून बाहेर पडतो. वरच्या साठ्यात गोलक कसेही मिसळलेले असल्याने पुढचा गोलक कोणता हे योगायोगावर अवलंबून असते.

'मोबाईल सूट गंडम' ही मालिका योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केली. एप्रिल १९७९ ते जानेवारी १९८० या काळात तिचे ४३ भाग प्रसारित झाले. यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची होती. प्रथम प्रसारणाच्या वेळी प्रायोजक कंपनीच्या खेळण्यांना अपेक्षित मागणी आली नाही व मालिका नियोजित वेळेआधी आटोपती घ्यावी लागली. मात्र पुनःप्रसारणांतून तिचा प्रेक्षक वाढत गेला. बंदाईने जुलै १९८० मध्ये जोडणीचे प्लॅस्टिक नमुने विक्रीस आणले आणि त्यांनी मोठे यश मिळवले.

ठेंगण्या रूपाचा उगम

यंत्रमानवांचे ठेंगणे रूप 'सुपर डिफॉर्म्ड' किंवा संक्षेपाने 'एसडी' या नावाने ओळखले जाते. या रूपाचे श्रेय कोजी योकोई या चित्रकाराला दिले जाते. शालेय वयात त्यांनी बंदाईच्या 'मोकेई जोहो' या मासिकाकडे पाठवलेली गमतीदार चित्रे वाचकांना आवडली व पुढे त्यांवरून खेळणी घडवण्यात आली.

हे रूप कॅप्सूलसाठी सोयीचेही होते. कथेतील मूळ गंडमची उंची १८ मीटर आहे. तो चार सेंटिमीटरमध्ये बसवायचा तर मूळच्या सुमारे ४५० पट लहान करावा लागेल. मूळ प्रमाणे तशीच ठेवली तर हात, पाय आणि शस्त्रे काडीसारखी बारीक होतील, चेहऱ्याचा तपशील दिसणार नाही. डोके मोठे व हातपाय आखूड केल्यावर ओळखीची सगळी चिन्हे ठळक राहतात, बाहुली भक्कम होते आणि साच्यातून सहज सुटते. स्वस्त उत्पादनाची गरज आणि चित्रकाराचा विनोद यांचा मेळ या आकारात बसला.

या मालिकेला 'किन-केशी' या मालिकेच्या यशाचाही आधार होता. 'किन्निकुमान' या कुस्तीच्या चित्रकथेवरील त्या बाहुल्या बंदाईने इ.स. १९८३ पासून विकल्या. त्यांचे ४१८ प्रकार निघाले.

गन-केशीची लोकप्रियता लवकरच इतर माध्यमांत पसरली. इ.स. १९८७ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टीमसाठी निघालेल्या डावपेचांच्या खेळाच्या नावातच 'गाचापोन सेन्शी', म्हणजे 'गाचापोन योद्धे', असे शब्द होते. मार्च १९८८ मध्ये एसडी गंडमचा लघु-अ‍ॅनिमेशनपट चित्रपटगृहांत दाखवण्यात आला. पुढे कॅप्सूलमधील बाहुल्यांचे स्वरूप बदलले. १९९० च्या दशकात कारखान्यातच रंगवलेल्या, अधिक किमतीच्या बाहुल्या यंत्रांत येऊ लागल्या. 'गाशापॉन सेन्शी' हे नाव बंदाईच्या नंतरच्या अनेक बहुरंगी मालिकांनीही वापरले. त्यामुळे आजचे संग्राहक 'जुनी मालिका' म्हणतात तेव्हा त्यांना प्रामुख्याने १९८० च्या दशकातील एकरंगी बाहुल्या अभिप्रेत असतात.

संच पूर्ण करण्याचे गणित

संग्राहकांच्या बोलीत संच पूर्ण होण्याला 'कोम्पु' आणि आधीच जवळ असलेली बाहुली पुन्हा मिळण्याला 'दाबुरी' म्हणतात. संच पूर्ण करण्यासाठी सरासरी किती वेळा मूठ फिरवावी लागेल, हा संभाव्यताशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. तो 'कूपन-संग्राहकाचा प्रश्न' या नावाने ओळखला जातो.

समजा, एका संचात १० प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार मिळण्याची शक्यता समान आहे. पहिल्या वेळी मिळणारी बाहुली नवीनच असते. नऊ प्रकार मिळाल्यानंतर मात्र दहावा मिळण्याची शक्यता दर वेळी केवळ १/१० असते, म्हणून त्या एका बाहुलीसाठीच सरासरी १० प्रयत्न लागतात. सर्व टप्प्यांची बेरीज पुढीलप्रमाणे होते:

१०/१० + १०/९ + १०/८ + … + १०/१ = सुमारे २९.३

म्हणजे १० बाहुल्यांच्या संचासाठी सरासरी २९ हून अधिक प्रयत्न, आणि १०० येनच्या दराने सुमारे २,९३० येन लागतात. यातील पहिले पाच प्रकार सरासरी साडेसहा प्रयत्नांत मिळतात. उरलेल्या पाचांसाठी जवळजवळ २३ प्रयत्न खर्ची पडतात. आरंभी संच भराभर वाढतो आणि शेवटी रखडतो, हा मुलांचा अनुभव या आकड्यांत दिसतो.

अदलाबदलीने हे चित्र पालटते. दोन मित्रांनी स्वतंत्रपणे एकेक संच पूर्ण करायचा ठरवल्यास दोघांना मिळून सरासरी ५८.६ प्रयत्न लागतात. तेच दोघांनी सर्व बाहुल्या एकत्र ठेवून दोन संच पूर्ण करायचे ठरवल्यास सरासरी ४६.२ प्रयत्न पुरतात. एकाची दाबुरी दुसऱ्याची उणीव भरून काढते. भागीदार वाढतील तसा प्रत्येकाचा खर्च आणखी उतरतो. मुले आपल्या जास्तीच्या बाहुल्या खिशात घेऊन हिंडत, त्यामागे हेच व्यवहारज्ञान होते.

प्रत्यक्षात हे गणित थोडे वेगळे असते. यंत्रातील साठा मर्यादित असतो आणि एका खोक्यात सर्व प्रकार समसंख्येने भरलेले असतीलच असे नाही. कमी संख्येने भरलेल्या प्रकारामुळे संच पूर्ण होण्याचा खर्च बराच वाढतो.

हाच प्रश्न पुढे सार्वजनिक वादाचा विषय झाला. मोबाईलवरील खेळांत 'गाचा' पद्धतीची आभासी सोडत आली. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवल्यास दुर्मीळ वस्तू देण्याच्या 'कोम्पु गाचा' या प्रकारात खेळाडूंचे, विशेषतः अल्पवयीन मुलांचे, मोठ्या रकमांचे नुकसान होऊ लागले. मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने हा प्रकार कायद्याने निषिद्ध असलेल्या बक्षीस-पद्धतीत मोडतो, अशी भूमिका घेतली. यंत्रातील खेळण्यात एक मर्यादा मुळातच होती: दर वेळी हाताने नाणे घालावे लागे, यंत्र रिकामे होई आणि नकोशी बाहुलीसुद्धा हातात राहून दुसऱ्याला देता येई. पडद्यावरील सोडतीत यांपैकी एकही अडसर उरला नाही.

ओळख व नोंद

संग्राहक जुन्या बाहुलीची ओळख साचा, रंग आणि अंगावरील ठसा यांवरून पटवतात. एकाच साच्यातून अनेक रंगांच्या बाहुल्या काढल्या जात. त्यामुळे प्रत्येक रंग स्वतंत्र नमुना मानायचा की साच्यागणिक एक नमुना पुरेसा समजायचा, याबाबत संग्राहकांत दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचा संग्रह क्वचितच पूर्ण होतो.

बाहुलीबरोबरचा कागद हाही महत्त्वाचा पुरावा आहे. कॅप्सूलमधील घडीपत्रक आणि यंत्राच्या दर्शनी भागात लावलेले चित्रफलक यांवर त्या भागातील प्रकारांची माहिती असे. मुले हे कागद टाकून देत, म्हणून आज अनेकदा बाहुलीपेक्षा तिचा कागद मिळणे कठीण जाते. कोणत्या भागात कोणते प्रकार होते हे ठरवताना संग्राहकांनी जपलेल्या अशा कागदांचा आधार घ्यावा लागतो.

जुन्या बाहुल्यांची खरेदी-विक्री वापरलेल्या खेळण्यांच्या दुकानांतून व ऑनलाइन लिलावांतून होते. तोक्योतील नाकानो ब्रॉडवे ही इमारत अशा दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. 'मांदाराके' या जुन्या चित्रकथा व खेळण्यांच्या विक्रेत्याचा आरंभ तेथेच इ.स. १९८० मध्ये झाला. दुकानांत सुट्या बाहुल्या बहुधा मोठ्या पिशवीत एकत्र विकल्या जातात. पिशवीतील नेमके प्रकार न पाहता घेतलेली अशी खरेदी एक प्रकारे मूळ यंत्राच्याच नियमाने चालते.

साहित्य व क्षय

या बाहुल्या मऊ पॉलिव्हिनाइल क्लोराइड म्हणजे पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात तेलासारखे द्रव्य मिसळून त्यास लवचिक करतात. या द्रव्याला 'मृदुकारी' म्हणता येईल. आजची बहुतेक प्लॅस्टिकची खोडरबरेही पीव्हीसीचीच असतात, परंतु त्यांत मृदुकारीचे प्रमाण बरेच जास्त असते. गन-केशीने अक्षरे पुसली जात नाहीत त्याचे एक कारण हे आहे.

मृदुकारी द्रव्य पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. काळाच्या ओघात ते पृष्ठभागावर येते. बाहुली चिकट होते, तिच्यावर धूळ बसते आणि शेवटी ती कडक व ठिसूळ बनते. हे द्रव्य शेजारच्या पॉलिस्टायरीनच्या वस्तूत शिरून ती विरघळवते. कंपासपेटीत राहिलेले खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून तिच्यावर खळगा पाडते, तोच हा परिणाम होय. उष्णता आणि अतिनील किरणांमुळे पीव्हीसीचे विघटन होऊन फिकट रंगाच्या बाहुल्या पिवळ्या पडतात. हा पिवळेपणा धुऊन जात नाही.

यावरून जतनाचे काही साधे नियम ठरले आहेत:

- बाहुल्या थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. खिडकीजवळ मांडू नयेत.
- निरनिराळ्या रंगांच्या बाहुल्या एकमेकींना चिकटून ठेवू नयेत, कारण गडद रंग फिकट बाहुलीत उतरू शकतो.
- पॉलिस्टायरीनच्या डब्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा डबा किंवा आम्लरहित कागद वापरावा.
- चिकटपणा आल्यास कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. थिनर, अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट लावू नये.
- वाकलेली बाहुली काही वेळ गरम पाण्यात ठेवून हलक्या हाताने सरळ करावी व लगेच थंड पाण्यात बुडवावी.
- घडीपत्रके बाहुल्यांपासून वेगळी ठेवावीत, अन्यथा कागदावर तेलकट डाग पडतात.

जुन्या मऊ पीव्हीसीत मृदुकारी म्हणून थॅलेट गटातील संयुगे सर्रास वापरली जात. लहान मुलांच्या खेळण्यांत यांपैकी काही संयुगांच्या वापरावर पुढे अनेक देशांनी निर्बंध घातले. म्हणून जुन्या बाहुल्या तान्ह्या मुलांच्या हाती देऊ नयेत.

सद्यःस्थिती

नाणे-यंत्रांचा व्यवसाय जपानमध्ये आजही तेजीत आहे. इ.स. २०२१ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात उघडलेल्या एका गाशापॉन दुकानात ३,०१० यंत्रे होती आणि त्यासाठी त्या दुकानाची गिनीज विश्वविक्रमात नोंद झाली. नवीन मालिकांची माहिती उत्पादक संकेतस्थळावर प्रसिद्ध करतात. १९८० च्या दशकातील बाहुल्यांच्या बाबतीत मात्र तेव्हाची मुले व त्यांनी जपलेले डबे हाच मुख्य स्रोत आहे. पीव्हीसीचा क्षय पूर्णपणे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतो. त्यामुळे बाहुल्या जपण्याबरोबरच त्यांची छायाचित्रे, मापे, ठसे आणि कागद यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याकडे अनेक संग्राहकांचा कल असतो.