कोसळलेल्या प्रोग्रामचा पत्ता

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांवर आणि लेसरवर पुष्कळ लिहून झाले. त्यामागच्या प्रोग्रामांकडे फारसे कुणी पाहत नाही. लायगोच्या विश्लेषणाची ‘लालसूट’ ही लायब्ररी बहुतांशी सी भाषेत आहे. सी प्रोग्राम कंपाइल झाला की माणसाने लिहिलेल्या ओळी मागे राहतात आणि उरतात यंत्राच्या आज्ञा. तो मध्येच कोसळला, तर हाती लागतो मेमरीतला एक पत्ता, म्हणजे नुसता लांबलचक आकडा.

गट नंबरावरून सातबारा काढावा, तशी त्या आकड्यावरून फाइल आणि ओळ काढून देतात त्या ‘ड्वार्फ’ पद्धतीच्या नोंदी. सांगितले तर कंपाइलर त्या प्रोग्रामसोबतच भरून ठेवतो. गंमत अशी की ओळींचा तक्ता तिथे तयार नसतोच. असतात तो घडवणाऱ्या बारीक आज्ञा. वाचणाऱ्या साधनाला त्या चालवून तक्ता उभा करावा लागतो.

अशा साधनांत ‘लिबड्वार्फ’ जुने. 1990च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत ते वाढले. डेव्हिड अँडरसन यांनी ते दीर्घकाळ सांभाळले आहे. सांभाळायचे म्हणजे काय? 2017 साली ड्वार्फची पाचवी आवृत्ती आली. तोवर फाइलींची मोजणी 1 पासून होई, आता 0 पासून. हा एकाचा फरक निसटला की डीबगर बिनदिक्कत शेजारच्या फाइलचे नाव सांगतो, आणि प्रोग्रामर भलतीकडेच खणत बसतो. 2021 मध्ये जीसीसी 11 हा कंपाइलर पाचवी आवृत्तीच आपसूक वापरू लागला, पण जुन्या आवृत्तीच्या फाइली कुठे गेल्या नाहीत. दोन्ही मोजण्या चालवायच्या, आणि तो नियम दहा ठिकाणी पसरला असेल तर एका जागी आणायचा. हेच रिफॅक्टरिंग. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही, म्हणून वरिष्ठांना ते पटवणे कठीण. माझ्या मते नवी सोय जोडण्यापेक्षा हेच काम अवघड.

शिवाय वाचायची फाइल कधी खराब, क्वचित मुद्दाम बिघडवलेलीही असते. तिच्यात लिहिलेली लांबी न तपासता खरी मानली, तर दोष शोधायला आलेले साधनच कोसळते.

हिंगोली-नांदेडकडे सी शिकणाऱ्यांना एवढेच सांगणे: कंपाइल करताना ‘-जी’ हा पर्याय द्या, म्हणजे या नोंदी भरल्या जातील. गिऱ्हाइकाला हवी तर नोंदी काढलेली प्रत द्या, पण नोंदींसह असलेली प्रत जपून ठेवा. सहा महिन्यांनी तक्रारीसोबत आलेला पत्ता तिच्याशिवाय उलगडणार नाही.