गळ, मरळ आणि तलावाचा हक्क

धरमपेठेत भाड्याची खोली पाहायला गेलो, तेव्हा घरमालकाने एकच प्रश्न विचारला : घरात मासोळी शिजवता का? मी हो म्हणालो. खोली मिळाली नाही. पुढे दुसरी मिळाली. प्रश्न मात्र मनात राहिला. मासोळी खाणारा मी, पण ती जगते कशी, धरतात कशी, हे मला तरी कुठे ठाऊक होते? घराण्यातला पहिला पदवीधर. हाती पुस्तक आले आणि पाणी दूर गेले.

ते शिकलो भंडारा जिल्ह्यातील एका मालगुजारी तलावावर. मच्छीमार संस्थेची परवानगी घेतली. ढिवर समाजातील एक काका गुरू झाले. गळाला गांडूळ लावून गवताच्या कडेला सोडायचा. काडी हलली की मी लगेच हिसका देई आणि गळ रिकामा येई. काका म्हणाले, ‘‘घाई नोका करू, सर. तिले गिळू द्या.’’ तिसऱ्या खेपेला मरळ लागली. त्यानंतर पावसाळ्यात काठाशी तांबूस पिलांचा थवा दिसला. मी गळ उचलला, तर काकांनी हात धरला. पिलांखाली आईबाप राखण करीत असतात. ते धरले की पिले जातात.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. रोहू, कतला वाहत्या नदीच्या पाण्यात अंडी घालतात. तलावात त्या वाढतात, पण त्यांचे बीज विकत आणून सोडावे लागते. मरळ मात्र तलावातल्या गवतातच वीण करते. काठ बेशरमने भरला, गवत गेले, की गरिबाच्या ताटातली ही बिनपैशाची मासोळी जाते.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कसब मोठे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले. आज अनेक ठिकाणी ढिवरांच्या सहकारी संस्था पैसे भरून मासेमारीचा ठेका घेतात. माझा गळ म्हणजे रविवारची हौस. त्यांचे जाळे म्हणजे पोट. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्यावर सर्वांचा हक्क मानणाऱ्यांनी, त्या पाण्यावर जगणाऱ्यांचा हक्कही मानला पाहिजे.

पहिली मरळ धरमपेठेतच शिजवली. राखेने चोळून बुळबुळ काढली, हळद-मीठ लावले, चिंचेच्या कोळात रस्सा केला. भाताबरोबर आम्ही सारे पोटभर जेवलो. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच होती.