तार एक, वाटा तीन

तत्त्वज्ञानाचा मास्तर नेटवर्कवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आजचा विषय भेदाचा आहे, आणि भेद हा आमच्या शास्त्राचा जुनाच प्रांत.

एखादं रुग्णालय घ्या. तिथल्या नेटवर्कवर तीन प्रकारची वाहतूक असते. रुग्णांच्या नोंदी आणि अहवाल, ही पहिली. सर्व्हरवरच्या माहितीचा बॅकअप, ही दुसरी. तिसरी व्यवस्थापनाची: स्विच, सर्व्हर, स्टोरेज यांची सेटिंग्ज बदलायला प्रशासक जिथून आत शिरतो ती. तिन्ही एकत्र सोडल्या तर? सेकंदाला १ गिगाबिट म्हणजे १२५ मेगाबाइट. २ टेराबाइटच्या बॅकअपला सगळी तार दिली तरी साडेचार तासांच्या आसपास लागतात. तोवर अपघात विभागातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उघडायची वाट बघायची का? आणि याहून वाईट म्हणजे, स्वागतकक्षातल्या संगणकात रॅन्समवेअर शिरलं, तर त्याला तिथून थेट बॅकअपचा सर्व्हर दिसतो. बॅकअपच गेला, तर खंडणी मागणाऱ्यासमोर आपण रिकाम्या हातानं उभे.

यावर उपाय व्हीलॅनचा. आयईईईचं ८०२.१क्यू हे मानक १९९८ सालचं. त्यानुसार प्रत्येक फ्रेमला ४ बाइटांची चिठ्ठी लागते. तिच्यात १२ बिटांचा क्रमांक असतो. म्हणजे ४०९६ आकडे. ० आणि ४०९५ राखीव, उरले ४०९४. समजा १० रुग्णसेवेला, २० बॅकअपला, ३० व्यवस्थापनाला दिला. स्विच एका क्रमांकाची फ्रेम दुसऱ्यात जाऊ देत नाही. पलीकडे जायचं तर राउटर किंवा फायरवॉलमधूनच, आणि तिथे आपले नियम.

आता आपला घटाकाशाचा दृष्टांत आठवा. आकाश एकच, घड्यामुळे वेगळं भासतं. इथेही तार एकच, चिठ्ठीमुळे वेगळी. पण दृष्टांत इथवरच चालतो बरं का! एका घड्यातल्या धुरानं दुसऱ्या घड्यातलं आकाश काळं होत नाही, असं वेदान्ती सांगतात. तारेचं तसं नाही. दोन स्विचमधली जोडणी सामायिक असेल, तर व्हीलॅन २० ची गर्दी व्हीलॅन १० ला अडवणारच. चिठ्ठीनं ओळख वेगळी होते, क्षमता वाढत नाही. म्हणून रुग्णसेवेला प्राधान्य ठरवून द्यायचं, किंवा बॅकअपला स्वतंत्र कार्ड आणि स्वतंत्र तार द्यायची.

दुसरी मर्यादा नियमांची. व्हीलॅन केले, पण फायरवॉलवर 'सगळ्यांना सगळं मोकळं' ठेवलं, तर भिंत बांधून दार सताड उघडं ठेवल्यासारखंच. आधी सगळं बंद करायचं, मग लागेल तेवढंच उघडायचं. व्यवस्थापनात शिरायला ठरावीक एकच यंत्र ठेवायचं. बॅकअपची एक प्रत तर नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली हवी.

तेव्हा आपल्या संस्थेत 'आमचं वेगळं आहे' असं कुणी सांगितलं, तर एवढंच विचारा: नावानं वेगळं, वाटेनं वेगळं, की तारेनं वेगळं? तिन्हींची उत्तरं निरनिराळी असतात.